हातगुण

गाय अडली की वस्तीतली माणसं डॉक्टरला नाही, आबांना बोलवायची. डॉक्टर लांबून यायचा, आणि आला तरी आबांसारखा हात त्याला कुठून असणार! दिसायला त्या हातात काही विशेष नव्हतं. बोटं आखूड, नखं झिजलेली, मनगट मात्र चांगलं जाडजूड. पण तो हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात गेला आणि आबांनी डोळे मिटले, की बाहेर उभ्या माणसांचा जीव भांड्यात पडायचा. वासराचा पाय दुमडलाय की मान वळलीय, हे आबा डोळे मिटूनच सांगायचे. वासरू बाहेर पडूनही श्वास घेत नसलं तर ते सरळ त्याच्या नाकाला तोंड लावायचे, आतलं चिकट ओढून थुंकायचे आणि फुंकर मारायचे. मग मूठभर पेंढ्याला हात पुसून चहाचा कप घ्यायचे. आधी हात धुवा म्हटलं तर म्हणायचे, चहा गार होतो.

या कामाचे ते पैसे घेत नसत. मान घेत, आणि तो जरा जास्तच घेत. "वस्तीत जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला पहिला हात माझा लागतो," असं ते चारचौघांत सांगायचे. माणसं मान डोलवायची, कारण ते जवळजवळ खरंच होतं. हातगुण म्हणतात तो आबांना होता, यावर दुमत नव्हतं.

एकच गोठा त्याला अपवाद होता. समोरच्या बोळात एक शिंपीण राहायची. नवरा वारल्यावर शिवणयंत्र आणि एक तांबडी गाय एवढ्यावर तिने घर चालवलं होतं. गाय बाहेरून आणलेली. गेल्या खेपेला ती भरदुपारी, शिंपीण बाही जोडत असताना, एकटीच गुपचूप व्याली. आबांना हे फारसं आवडलं नव्हतं. "बाई, निदान सांगायचं तरी," ते म्हणाले होते. शिंपीण म्हणाली, "मलाच कुठे सांगितलं तिने!"

त्या वर्षी आबांच्या लेकाने बाजारातून एक गाभण कालवड आणली. काळीभोर, अंगाने भरलेली, स्वस्तात मिळालेली.

"एवढी चांगली कालवड विकली का त्या माणसाने?" आबांच्या बायकोने विचारलं.

"आपलं नशीब, दुसरं काय," लेक म्हणाला.

स्वस्त मिळालेल्या वस्तूला असले प्रश्न कुणी विचारत नाही. लेक दुधाच्या गाडीवर कामाला जायचा, तो पुन्हा गाडीवर गेला. कालवडीला वैरण घालायचं काम सुनेकडे आलं. सुनेला दिवस गेले होते, पण पहिले महिने होते आणि कामाला ती वाघ होती.

सातव्या महिन्यात कालवड गाभडली. सकाळी आबा गोठ्यात गेले तर मोरीत पिळून टाकलेल्या फडक्यासारखं वासरू पडलेलं, अंगावर धड केसही नव्हते. वासरामागून पडायची वार आत अडकून राहिली होती. आबांनी बाही वर केली आणि हळूहळू सोडवत ती हाताने काढली. वास इतका होता की बायको नाकाला फडकं लावून बाहेर गेली. अंगठ्याजवळ दोराने कापलेली जुनी भेग होती, ती चुरचुरली. आबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. वासरू आणि वार त्यांनी शेणाच्या ढिगावर भिरकावली. कुत्री टपलेलीच होती. ती ओढत ओढत थेट वस्तीच्या पाण्याच्या हौदापर्यंत घेऊन गेली.

तेवढ्यात गवंडी दारात आला. "आबा, म्हैस अडलीय. चला लवकर."

आबांनी हात पेंढ्याला पुसला, खुंटीवरचा दोर घेतला आणि बाही तशीच वर ठेवून ते निघाले. गवंड्याच्या म्हशीला जिवंत पारडू झालं. चहा झाला. आबांचं नाव झालं. पुढच्या दिवसांत त्याच दोराने त्यांनी सुताराची आणि त्याच्या भावाची एकेक गाय मोकळी केली.

पण पुढे काहीतरी बिनसलं. त्याच गवंड्याची दुसरी म्हैस गाभडली. मग सुताराची दुसरी गाय. मग त्याच्या भावाची. कुणी म्हणे वैरणीला बुरशी लागली, कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे विजा फार कडाडल्या. जिथे तिथे वार अडकायची आणि जिथे तिथे आबांना बोलावणं यायचं. त्या हंगामात त्यांना जेवायची फुरसत नव्हती. एका गोठ्यातून दुसऱ्यात, तोच सदरा, तोच दोर. थकायचे, पण खोटं कशाला बोला, माणसाला आपली गरज लागते याचं सुखही होतं त्यांना.

मग आबांना ताप यायला लागला. सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळ झाली की अंगात कापरं. मग असा घाम की अंथरूण पिळून काढावं. कंबर धरायची, गुडघे बोलायचे. धार काढताना एकदा ते गायीच्या पोटाला कपाळ टेकवून तसेच झोपले, आणि गायीने लाथ मारून बादली लवंडली.

"सकाळी गप्पा मारायला बरे असता," बायको म्हणाली, "आणि कामाच्या वेळेला बरोबर ताप येतो."

"मी काय मुद्दाम आणतो का गं?"

"मी कुठे म्हटलं तसं? ताप म्हणतोय."

कंपाउंडरने सुया टोचल्या, आणि ताप जाऊन पुन्हा आला. तो आला-गेला करता करता एक भलतीच गोष्ट झाली. आबांना खाली, जिथलं कुणाला दाखवता येत नाही आणि सांगताही येत नाही, तिथे सूज आली. एका बाजूला लिंबाएवढी, मग त्याहून मोठी. आबा पाय फाकून चालायला लागले. हौदावर गवंड्याने विचारलं, "आबा, घोड्यावर बसायला शिकताय काय?" सगळे हसले. आबाही हसले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायकोला सांगायला त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. तिने मात्र एकदा पाहिलं, एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्याच्या गाडीत बसवून आली.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने तपासलं, रक्त घेतलं आणि पुन्हा यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला खुर्ची जवळ ओढून बसला.

"काम काय करता?"

"जनावरं आहेत. अडलेल्या गायी मोकळ्या करतो. वासरू श्वास घेत नसलं तर तोंडाने फुंकर मारतो."

"हातमोजे?"

आबा हसले. "मोजा घालून आतलं काही कळतं का?"

"दूध कच्चं पिता?"

"मग काय चावून खाऊ?"

डॉक्टर हसला नाही. "हा जनावरांचा आजार आहे, बाबा. त्यांचा गर्भ पडतो. पडलेल्या वासरात, वारेत, पाण्यात, दुधात त्याचे जंतू असतात. तुम्ही चिरलेला हात घातलात, तोंड लावलंत, वर दूधही कच्चं प्यायलात. यायला जेवढे रस्ते होते तेवढे सगळे मोकळे ठेवलेत. औषधाने बरा होतो, पण दोन्ही गोळ्या दीड महिना घ्यायच्या. मधे बरं वाटेल, तेव्हा सोडायच्या नाहीत. यातल्या एकीने लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. घरात कुणी गरोदर आहे?"

"सून."

"तिला गोठ्यात पाठवू नका, कच्चं दूध देऊ नका. तिच्या पोटालाही धोका आहे. आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवून सगळ्या गोठ्यांची तपासणी करून घ्या."

सुनेचं आबांनी ऐकलं. बाकीचं अर्धं कानावरून गेलं. सगळे गोठे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर सगळ्या गोठ्यांतली माणसं उभी राहिली.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "सुजेच्या गोळ्या आहेत." आणि थोड्या वेळाने, "सुनेला गोठ्यात पाठवू नकोस. शेणाचा वास बाधतो तिला."

बायको बघतच राहिली. "माझ्या वेळेला नाही बाधला तो! तीन दिवसांचं पोर टोपलीत घालून धार काढत होते मी, तेव्हा कुठे गेली होती ही माया?"

पण सुनेचं गोठ्यात जाणं बंद झालं. दूधही आबा म्हणाले, उकळूनच द्या तिला. तेवढं एक काम त्यांनी वेळेवर केलं.

गोळ्यांनी ताप उतरला, सूज बसली. आबा पूर्वीसारखे चालू लागले. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या लक्षात आली ती लघवी. शेंदरी लाल. डॉक्टरने सांगितलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं. औषध आत काहीतरी जाळतंय अशी त्यांची खात्री झाली. दुखणं तर गेलंच होतं, मग गोळ्या कशाला? त्यांनी त्या गोठ्याच्या कोनाड्यात, सडांना लावायच्या मलमाच्या डब्यात नेऊन ठेवल्या.

ताप परत आला तो पहिल्यापेक्षा जोरात. उजवा खांदा असा धरला की आबांना सदरा घालता येईना. आणि त्याच सुमारास बायकोने गायीचे सड चिरले म्हणून मलमाचा डबा उघडला.

ती डबा घेऊन खाटेपाशी आली. "हे काय? गायीला देत होता?"

आबांनी चादर वर ओढली.

"बोला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजार कसला, आला कुठून, डॉक्टर काय म्हणाला. सुनेचं खरं कारणही सांगितलं. बायको उभ्याउभ्या ऐकत होती. तिचा हात हळूहळू खाली आला.

"म्हणजे माझ्या नातवंडाच्या जिवाशी गाठ होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला शेणाचा वास सांगितलात?"

"तिला पाठवलं नाही ना पण."

"नशीब माझं!" तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर आदळला. "गिळा. माझ्यासमोर गिळायच्या रोज. लाल होऊ दे नाहीतर हिरवी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना पुन्हा मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरने आधी चांगलं फैलावर घेतलं, मग दीड महिना पहिल्यापासून मोजायला सांगितला. येताना तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना निरोपही ठेवला. नवऱ्याला विचारून करायच्या कामात हे तिने धरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. उंच, रबरी बूट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्या गोठ्यांतल्या जनावरांचं रक्त घेतलं. प्रत्येक गोठ्यातून निघताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवून धुवायच्या. ते पाहून गवंडी कुजबुजला, "एवढे बूट धुतात, म्हणजे आपला गोठा काय घाण आहे का?" पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना हौदापाशी बोलावलं. आबा खांद्याला फडकं बांधून कठड्यावर बसले होते.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आबांच्या गोठ्यात आजार आहे, गवंड्याच्या आहे, सुताराच्या आणि त्याच्या भावाच्याही आहे. आजारी जनावर वेगळं बांधायचं, ते बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. त्याचं पुढे काय करायचं ते सरकारी माणसं येऊन सांगतील. पडलेलं वासरू, वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. आणि निरोगी पाड्यांना लहानपणीच लस टोचून घ्यायची.

"एकच गोठा निकोप आहे," त्या म्हणाल्या. "शिंपीणबाईंचा. त्यांची गाय दिवसांवर आली आहे. तिला जपायचं. आजार असलेल्या गोठ्यातला माणूस तिथे पाऊल टाकणार नाही, म्हणजे नाही." आणि त्यांनी शिंपिणीच्या हातात लांब हातमोज्यांचं पाकीट दिलं.

बाईंची गाडी गेली आणि माणसं तिथेच उभी राहिली.

"आला कुठून पण हा?" सुतार म्हणाला.

गवंड्याने हौदावर हात आपटला. "कुठून म्हणजे? बाहेरून गाय कुणी आणली होती? हिनेच ना? आपल्या सगळ्यांना वाटून ही मोकळी झाली. नाहीतर सगळ्या वस्तीत हिचीच गाय बरी कशी?"

बोलणं असं होतं की ऐकणाऱ्याला लगेच पटावं. माना हलल्या. शिंपीण पाकीट छातीशी धरून म्हणाली, "अहो, माझी गाय आजारीच नाही, तर तिने दिला कसा?" पण तेवढा विचार करायला कुणी थांबलं नाही.

आबा कठड्यावर बसून होते. गवंड्याचा प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात अडकला. हिचीच गाय बरी कशी? त्यांनी एकेक गोठा आठवला. आपली कालवड. तिची वार. मग गवंड्याची म्हैस, त्याच सकाळी, त्याच बाहीने. मग सुतार. मग भाऊ. जिथे जिथे ते गेले होते तिथे तिथे आजार होता. आणि शिंपिणीची गाय एकटी व्याली होती. तिला आबांचा हात लागला नव्हता.

त्यांना दरदरून घाम फुटला, आणि हा घाम तापाचा नव्हता. बोलायला पाहिजे होतं. तिथेच, तेव्हाच. तोंड उघडलंही त्यांनी. पण गवंडी त्यांच्याकडे वळून म्हणाला, "आबा, तुम्ही नसता तर एकही जनावर वाचलं नसतं आमचं," आणि आबांचं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून हौदाच्या वाटेवर गवंड्याने आडवं लाकूड घातलं. शिंपिणीची गाय तिथे पाण्याला यायची नाही, असं त्याने बजावलं. मग ती बाई बादल्या वाहायला लागली. खालच्या विहिरीवरून घरापर्यंत चढण होती. गाभण गाय पाणी थोडंथोडकं पीत नाही. शिंपीण दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढायची, मधे एकदा टेकायची, तळवे झटकायची, पुन्हा उचलायची. बायकांनी शिवायला टाकलेली कापडं परत नेली, काही तर अर्धी शिवलेली. आबा खाटेवरून हे सगळं बघत होते. त्यांच्या खाटेवरून ती चढण स्वच्छ दिसत होती.

एवढं होऊनही ती जाता-येता विचारायची, "आबा, आज ताप नाही ना? लवकर बरे व्हा. या खेपेला गायीचं लक्षण ठीक दिसत नाही, तुमचा आधार लागेल." ती डॉक्टरीणबाईंचं सांगणं विसरली नव्हती, पण आबांना त्या सांगण्यात धरायचं असतं हे तिच्या मनातच येत नव्हतं. आबा "हं" म्हणायचे.

बायको गोळ्या देताना एकदा म्हणाली, "तुम्ही बोलणार, की मी बोलू?"

"बोलेन मी."

"कधी? तिचे हात तुटल्यावर?"

"अगं, एवढ्या वर्षांचं नाव आहे माझं."

"आहे ना. म्हणूनच तुम्ही बोललात तर लोक ऐकतील. मी बोलले तर म्हणतील, नवऱ्याशी भांडली."

आबांनी गोळ्या गिळल्या. त्या दिवशीही ते बोलले नाहीत.

बायकोला पाण्याची कामं होती म्हणून एका दुपारी आबांनीच आपला गोठा खरवडून काढला. खांदा दुखत होता, तरी काढला. हातपाय धुऊन जेमतेम बसले होते, तेवढ्यात शिंपीण धावत आली. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती.

"आबा, चला हो! सकाळपासून कळा देतेय. एकच पाय बाहेर दिसतोय. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या पार तिकडच्या टोकाला आहेत. चला!"

आबा उठले. सवयीने बाही वर गेली. खांद्यातून कळ आली तरी गेली. ते बोळातून चालायला लागले तशी माणसंही मागे आली, गवंडी आला, सुतार आला, सुताराची बायको आली. आबा चालले म्हणजे काहीतरी बघण्यासारखं असायचं. शिंपिणीच्या अंगणाला काटक्यांचं कुंपण होतं आणि बांबूचं फाटक. ती फाटक उघडून आत गेली.

आबा फाटकाबाहेर थांबले.

"या ना," शिंपीण म्हणाली.

"मी नाही येणार आत."

"ताप चढला का?"

"ताप नाही." आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक धरून ठेवले. "मी आत आलो तर तुझी गाय जाईल. हा आजार माझ्या हाताने फिरलाय, बाई."

गवंडी पुढे आला. "आबा, काहीतरीच काय बोलताय? ही बाहेरून—"

"बाहेरून माझी कालवड आली. ती पहिली गाभडली. तिची वार काढून मी तसाच तुझ्या म्हशीकडे आलो. बाहीसुद्धा खाली केली नव्हती, आठवतं? तू दारात उभा होतास. तिथून याच्याकडे. तिथून याच्या भावाकडे. मला आलेला तापही तोच. हिच्या गायीला माझा हात कधी लागला नाही, म्हणून ती एकटी बरी आहे. मला हे त्या दिवशी हौदावरच कळलं होतं. मी बोललो नाही."

सुताराची बायको नवऱ्याकडे बघायला लागली. गवंड्याचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

शिंपीण फाटकाच्या आत उभी होती. "त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"आणि मी बादल्या वाहत होते ते दिसत होतं तुम्हाला."

"दिसत होतं."

आत गाय हंबरली. लांब, ओढलेला आवाज. शिंपिणीने डोळे पुसले, रागानेच पुसले.

"मग आता काय करू मी?"

"तू करायचं. मी इथून सांगतो."

"मला नाही येत."

"बाकी कुणी आत येऊ शकत नाही. सगळ्यांच्या घरी आजार आहे. मोजे घाल. साबणाचं पाणी घे, भरपूर."

तिने पाकीट फाडलं. मोजा खांद्यापर्यंत चढवला आणि बादलीत साबण घोळला. गाय अंगणातच बांधली होती, कुंपणावरून सगळं दिसत होतं. आबांनी फाटकाच्या बांबूला छाती टेकवली.

"दिसतोय तो खूर बघ. तळवा जमिनीकडे की आभाळाकडे?"

"जमिनीकडे."

"मग पुढचा आहे. आत हात घाल. त्याच पायावरून सरकत जा. तोंड लागतंय?"

"थांबा... हो. नाक आहे. जीभ हलली! आबा, जीभ हलली!"

"जिवंत आहे. आता दुसरा पाय. तो गुडघ्यात मागे दुमडला असणार. कळ आली की हात नुसता ठेव, जोर करू नकोस. कळ गेली की वासराला मागे लोट, जागा कर."

शिंपिणीचा गाल गायीच्या मांडीला चिकटला होता. घाम नाकावरून ओघळत होता.

"काही कळत नाही हो या मोज्यातून," ती म्हणाली. मग जराशाने तिचं तिनेच उत्तर दिलं, "बोटात अंगुस्तान घालून सुई कळते मला. हेही कळेल."

मोजा घालून कळतं का, असं आपण दवाखान्यात हसतहसत म्हणालो होतो, ते आबांना आठवलं.

"अस्तरात सुई हरवली तर कशी शोधतेस?" ते म्हणाले. "घाई न करता, इंचाइंचाने. तशीच शोध."

कळ आली आणि गेली. गवंडी कुंपणाला धरून टाचा वर करून बघत होता. आबांची बोटं पाठीमागे आपोआप हलत होती. आत जे शिंपिणीला लागत असेल ते त्यांना बोटांत जाणवत होतं, आणि तिथवर पोचता येत नव्हतं. आयुष्यात त्यांना इतकं जड काही वाटलं नव्हतं.

"गुडघा सापडला!"

"शाबास. गुडघा वर आणि आत ढकल. आता खाली सरक, खूर धर. खूर पूर्ण मुठीत झाक, उघडा ठेवलास तर आत फाडेल. झाकलास? आता मूठ तशीच ठेवून पुढे आण. हळू."

शिंपीण कण्हली. गायही कण्हली. आणि दोन्ही खूर एकमेकांशेजारी बाहेर दिसले.

"आता कळेबरोबर ओढ. सरळ नाही, खाली ओढ, जमिनीकडे. एकदा हा पाय, एकदा तो."

वासरू आलं ते एकदम, शिंपिणीला घेऊनच खाली पडलं. तांबडंच होतं. हलत नव्हतं. तिने आबांना कितीदा पाहिलं होतं. ती वाकली आणि वासराच्या नाकाकडे तोंड नेलं.

"तोंड नको!" आबा ओरडले. फाटक त्यांच्या छातीने करकरलं. एक पाय आत पडलाच होता, तो त्यांनी मागे घेतला. "बोटांनी तोंडातलं काढ. गवताची काडी घे, नाकात घाल. घाल, घाबरू नकोस, खोल घाल. पोत्याने बरगड्या चोळ. जोरात!"

तिने काडी घातली, पोतं घेतलं, चोळलं. चोळतच राहिली. वासरू शिंकलं. मग डोकं हलवून पुन्हा शिंकलं, आणि गाय वळून त्याला चाटायला लागली.

शिंपीण जमिनीवर बसून रडायला लागली. सुताराची बायकोही इकडे रडायला लागली. सुतार म्हणाला, "पाडी आहे," जणू तेवढंच बोलणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

वार पडायची वाट बघत सगळे थांबले. ती आपोआप पडली. तोवर गवंडी कुठेतरी गेला होता. तो फावडं आणि चुन्याची पिशवी घेऊन परत आला. कुंपणाबाहेर, हौदापासून लांब, त्याने खड्डा खणायला घेतला. बराच खोल खणला. मग मान वर न करता म्हणाला, "आता माझी म्हैस अडली तर मी कुणाकडे जायचं?"

आबांनी हनुवटीने शिंपिणीकडे दाखवलं. "तिच्याकडे."

शिंपिणीने मोजे उलटे करून काढले, तसेच खड्ड्यात टाकले, आणि कोपरापर्यंत साबण लावत म्हणाली, "आधी त्या हौदावरचं लाकूड काढा. मग विचारा मला."

गवंडी फावडं तिथेच ठेवून लाकूड काढायला गेला.

आबांना कुणी चहा विचारला नाही. कुणी तोंडावर बोललंही नाही, पण सुतार जाताना त्यांच्याकडे न बघता गेला. त्याच्या दोन गायींचं काय होणार हे अजून ठरायचं होतं. आबांना ते समजलं. ते बोळातून एकटे घरी आले. पायरीवर बसून त्यांनी हात धुतले. साबण फासला, धुतला, पुन्हा फासला. हात तर कुठेच घातला नव्हता, तरी धुतले.

बायकोने गोळ्या आणि उकळलेल्या दुधाचा पेला आणून ठेवला. ती सगळं ऐकून होती, कुंपणामागून कुणीतरी येऊन सांगितलंच होतं. ती नेहमीसारखी काही टोचून बोलली नाही. गोळ्या गिळेपर्यंत थांबली आणि आत गेली.

सून उंबऱ्याशी बसून गहू निवडत होती. तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. आबा बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "परवा गोळ्या आणायला मोठ्या दवाखान्यात गेलो, तेव्हा मी त्या डॉक्टरला एक विचारलं."

"काय आबा?"

"की आमच्या घरी बाळ आलं, तर..." त्यांनी तळवे उलटे करून पाहिले. "तर मला त्याला घेता येईल का. या हातांनी."

सुनेचा हात सुपात थांबला. "मग काय म्हणाले ते?"

"म्हणाला, घ्या की. फक्त साबणाने धुऊन घ्या." आबांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "मी म्हटलं, म्हणजे माझा आजार म्हणून का? तर म्हणाला, नाही हो बाबा. सगळ्यांनीच धुवायचे असतात."